एचआयव्हीसोबत वाढणारी मुलं, त्यांची घरं आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्राबाहेरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राबाहेरच्या, बाकड्यावर एक आजी बसलेली असते. तिच्या खांद्याला टेकून शाळेच्या गणवेशातलं एक मूल पेंगत असतं आणि मांडीवर औषधांची कापडी पिशवी असते. गेली अनेक वर्षं मी या बाकड्यांवर, शाळांच्या शिक्षकखोल्यांत आणि अंगणवाडीच्या ओट्यांवर बसून जे प्रश्न ऐकले, ते इथे आहेत. काही घरच्यांचे आहेत, काही शेजाऱ्यांचे आणि शिक्षकांचे. मुद्दाम एकत्र ठेवले आहेत, कारण शेजाऱ्याच्या मनात काय भीती आहे ते आईला कळावं आणि आई रात्रभर कशाने जागी असते ते शेजाऱ्याला कळावं, असं मला फार वाटतं.

आमच्या नातवाची तपासणी निगेटिव्ह आली. मग तो "एचआयव्हीबाधित मुलांत" कसा धरायचा?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाच्या शरीरात विषाणू आहे ते संसर्ग झालेलं मूल. ज्याच्या शरीरात नाही, पण आई, वडील किंवा भावंड पॉझिटिव्ह आहे, ते प्रभावित मूल. सरकारी योजनांत आणि कायद्यात दोघांचाही विचार केलेला आहे, म्हणून हा फरक नीट माहीत हवा.

संसर्ग झालेल्या मुलाला निदान औषध मिळतं, दर महिन्याला कुणीतरी वजन करतं, विचारपूस करतं. प्रभावित मुलाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. वडील अंथरुणाला खिळले म्हणून पाचवीतली पोर भाकऱ्या थापते, धाकट्याला शाळेत सोडते, आईबरोबर दवाखान्यात जाते आणि वर्गात तिची गैरहजेरी लागते. तिच्या हजेरीपुस्तकात या सगळ्याची नोंद नसते. गावात मदतीला जाल तेव्हा त्या घरातल्या निगेटिव्ह मुलांचीही वेगळी चौकशी करा.

आई पॉझिटिव्ह आहे. बाळ निगेटिव्ह जन्मू शकतं का?

हो, आणि आज बहुतेक वेळा तसंच होतं. मुलांमध्ये संसर्ग मुख्यतः आईकडून येतो : गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. कोणताच उपचार घेतला नाही तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने वेळेवर औषधं सुरू केली, ती न चुकवता घेतली आणि बाळाला जन्मानंतर लगेच औषध मिळालं, तर ही शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली येते. म्हणून गरोदरपणाची नोंद लवकर करणं, तपासणी करून घेणं आणि बाळंतपण दवाखान्यातच करणं याला पर्याय नाही.

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते. टाचेला टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतात. ही तपासणी पुढे पुन्हा होते आणि शेवटचा निर्णय अठराव्या महिन्यात लागतो. आईच्या शरीरात विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, बाळाच्या रक्तात बराच काळ राहतात, त्यामुळे लहान बाळाची साधी तपासणी फसवी ठरू शकते. हा दीड वर्षाचा काळ घरासाठी फार जड जातो. त्या काळात आईला "काय निकाल लागला?" असं सारखं विचारू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसा.

दुधाबद्दल घराघरांत गोंधळ असतो. सासू म्हणते, दूध तोड. शेजारीण म्हणते, वरचं दे. आई औषधं घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, असा आपल्याकडचा सल्ला आहे. त्यात घुटी नाही, मध नाही, पाणी नाही. अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही मिसळून देणं या सहा महिन्यांत सगळ्यात वाईट, कारण बाळाच्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. पाचवीच्या दिवशी कौतुकाने मध चाटवायला आलेल्या आत्याबाईंना थांबवणं नव्या सुनेला जमत नाही. ते काम आशाताईने किंवा घरातल्या एखाद्या समजूतदार माणसाने अंगावर घ्यावं.

माझी मुलगी त्या मुलाच्या शेजारी बसते, त्याच्या डब्यातलं खाते. तिला काही होईल का?

नाही. एका ताटात जेवण, एका पेल्यातून पाणी, हात धरणं, मिठी मारणं, शिंक, खोकला, डास, संडास, पोहण्याची विहीर, यांतल्या कशातूनही एचआयव्ही पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो.

खेळताना रक्त आलं तर, हे शिक्षक नेहमी विचारतात. नियम एकच, आणि तो सगळ्या मुलांसाठी : कुणाचंही रक्त असो, हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून जखम धुवायची, पट्टी बांधायची, फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायची. हा नियम सगळ्यांना लावला की कुणाला काय आहे हे कळायची गरजच उरत नाही. एका शाळेत एकाच मुलासाठी वेगळी प्रथमोपचार पेटी ठेवली होती. हेतू चांगला होता, पण त्या पेटीने सगळ्या शाळेला सांगायचं ते सांगून टाकलं.

औषध कुठे मिळतं? किती खर्च येतो? आणि मूल किती जगेल?

तिसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. नियमित औषध घेणारं मूल मोठं होतं, शिकतं, नोकरी करतं, लग्न करतं, म्हातारं होण्याची स्वप्नं बघतं.

पूर्वी तसं नव्हतं. भारतात एचआयव्हीचं निदान पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत झालं. सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी सुरू झाली १ एप्रिल २००४ रोजी, आणि ज्या राज्यांत संसर्ग जास्त होता त्यांपासून सुरुवात झाली. महाराष्ट्र त्यांत होता. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६च्या अखेरीस आला. मधल्या काळात किती मुलं गेली हे ज्यांनी पाहिलं, त्यांच्या मनात "हा आजार म्हणजे मरण" हे घट्ट बसलं, आणि गावाची भीती अजूनही त्याच काळातली आहे. औषध बदललं, पण ती बातमी वाडीवस्तीवर पोचलेली नाही. ती पोचवणं हे आपलं पहिलं काम.

आज औषध पूर्णपणे मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयातल्या एआरटी केंद्रात ते मिळतं, तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा त्याला जोडलेलं छोटं केंद्र, म्हणजे लिंक एआरटी केंद्र असतं. २०१७पासून सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती आहेत याची वाट न बघता निदान होताच उपचार सुरू करतात. लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजणारी व्हायरल लोड तपासणीही मोफत होते, ती चुकवू नका. गोळ्या लागू पडताहेत का, हे तीच सांगते.

गोळी एखाद्या दिवशी चुकली तर?

एखाद्या दिवशी चुकली तर घाबरू नका, आठवताच द्या आणि पुढच्या भेटीत सांगा. वारंवार चुकू लागली तर मात्र विषाणू त्या औषधाला सरावतो आणि औषध बदलावं लागतं. मुलांसाठी बदलायला फार पर्याय नसतात.

गोळ्या का चुकतात, यावर मी खूप विचार केला आहे. विसरण्यामुळे थोड्या चुकतात. लपवण्यामुळे जास्त. पाहुणे आले म्हणून बाटली काढता आली नाही. लग्नघरी मुक्काम होता, सगळे एका खोलीत झोपले होते. सहलीत बाईंना काय सांगायचं म्हणून दोन दिवस दिल्याच नाहीत. एक आई बाटलीवरचं लेबल खरवडून गोळ्या मसाल्याच्या डब्यात ठेवायची आणि पोराला परसात नेऊन द्यायची, का तर बाटली हलवली की खुळखुळ वाजते. म्हणजे गोळी चुकण्याचं कारण बऱ्याचदा त्या घराच्या बाहेर उभं असतं. तिच्या घरी जाणाऱ्या पाहुण्यांपैकी एखाद्याला ठाऊक असतं आणि त्याने सहज म्हटलं असतं, "काकू, पोराची गोळीची वेळ झाली ना?", तर तिला परसात जावं लागलं नसतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दसऱ्याआधीच आपल्या केंद्रात सांगावं. कारखान्याच्या जवळच्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय करता येते, आणि तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही.

मुलाला त्याच्या आजाराबद्दल सांगायचं का? कधी?

सांगायचं. आणि तुकड्यातुकड्याने, त्याच्या वयाला झेपेल तसं.

घरच्यांना वाटतं, लहान आहे, कळत नाही. मुलांना खूप कळतं. आपलीच बाटली का लपवतात, दवाखान्यात जाताना आई डोक्यावरून पदर का ओढते, आत्या आपल्याला वेगळ्या पेल्यात पाणी का देते, याचा हिशोब ते मनातल्या मनात मांडत असतं. कुणी काही सांगत नाही, तेव्हा ते स्वतःच उत्तर काढतं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा "माझंच काहीतरी चुकलं असणार" असं असतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं : तुझ्या रक्तात एक जंतू झोपलाय, गोळी घेतली की तो झोपून राहतो. आजाराचं नाव लगेच सांगायची गरज नाही, पण खोटंही सांगू नका. "ताकदीची गोळी आहे" असं सांगितलेलं मूल बाराव्या वर्षी ताकद आली असं ठरवून गोळी बंद करतं, हे मी पाहिलंय. शाळकरी वयात, साधारण सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, नाव कळलेलं बरं असं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. वयात येण्याच्या आधी तर कळलंच पाहिजे.

सांगायचं कुणी? शक्यतो ज्याच्या कुशीत मूल झोपतं त्याने. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला सोबत घ्या. सणाच्या दिवशी, परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा भांडणात सांगू नका. सांगून झालं की मूल गप्प होईल, खेळायला निघून जाईल, आणि तीन आठवड्यांनी भाकरी खाताना अचानक विचारेल, "मग पप्पा त्यानेच गेले का?" खरा संवाद तिथे सुरू होतो. त्या वेळी हातातलं काम खाली ठेवा.

सगळ्यात अवघड प्रश्न आईला येतो : "तू मला का दिलास?" बऱ्याच जणींना हा विषाणू स्वतःच्या नवऱ्याकडून आलेला असतो आणि लग्नाआधी कुणी त्यांना काही सांगितलेलं नसतं. तरीही ती उत्तर शोधताना स्वतःलाच आरोपी करते. तिने एवढंच म्हणावं, "मला माहीत नव्हतं. कळलं त्या दिवसापासून मी तुझं औषध एकदाही चुकू दिलं नाही." मुलांना हे पुरतं. ते आईला आपल्या अंदाजापेक्षा लवकर माफ करतात.

शाळेत प्रवेश घेताना सांगावं लागतं का?

नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार शिक्षण, नोकरी किंवा उपचारासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही आणि कुणालाही आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. एखाद्या शिक्षकाला विश्वासाने सांगितलं, तर ती माहिती लेखी परवानगीशिवाय पुढे न नेणं हे त्याचं कर्तव्य आहे.

माझा अनुभव असा की शाळेतल्या एका, फक्त एका माणसाला माहीत असलेलं बरं. दवाखान्याच्या तारखेला रजा देणारी, उलट्या झाल्या तर घरी पाठवणारी, "सारखा आजारी कसा पडतो रे हा?" या प्रश्नाला परस्पर उत्तर देणारी एक बाई वर्गात असली की मूल टिकतं. ती कोण असावी हे मुलाला विचारा. त्यांची निवड सहसा चुकत नाही.

महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी एचआयव्हीबाधित आणि प्रभावित मुलं वंचित घटकात येतात. अनेक पालक हे माहीत असूनही अर्ज करत नाहीत, कारण कागद दाखवला की सगळ्यांना कळेल अशी भीती असते. ही भीती खोटी नाही. म्हणून अर्जाच्या वेळी कुणीतरी जाणतं माणूस सोबत असावं आणि कागद पडताळणाऱ्याला गोपनीयतेची आठवण तोंडावर करून द्यावी.

गावाने किंवा शाळेने मूल नको म्हटलं तर काय करायचं?

असं घडलेलं आहे. २००९ साली लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात "सेवालय" या एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या संस्थेतली मुलं शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. बातमी देशभर गेली आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. संस्था चालवणाऱ्या रवी बापटले यांनी तरीही तिथलं काम सोडलं नाही. त्याआधी २००३मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातल्या एचआयव्ही असलेल्या दोन अनाथ भावंडांना शाळेत घेईनात, तेव्हा त्या वेळच्या केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्या मुलांना जवळ घेतलं, आणि तो फोटो पाहून अनेकांना पहिल्यांदा कळलं की स्पर्शाने काही होत नाही.

आता हातात कायदा आहे. शाळेतून काढणं, वेगळं बसवणं, घरातून हुसकावणं, भाड्याची खोली नाकारणं, दवाखान्यात उपचार नाकारणं हा भेदभाव ठरतो. राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याने ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो आणि वैद्यकीय आणीबाणी असेल तर २४ तासांत. लोकांना भडकवून या माणसांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला चालला तरी खरं नाव झाकून टोपणनावाने चालवता येतो. ही तरतूद मी घरच्यांना आधी सांगते, कारण तक्रार करायला न धजण्याचं मुख्य कारण तेच असतं.

पण आधी कायद्याची नोटीस घेऊन जाऊ नका. गावातली शाळा उद्याही तीच राहणार आहे आणि मुलाला तिथेच बसायचं आहे. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटा, दुसऱ्यांदा जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसाला घेऊन जा. पालकसभेत डॉक्टरांना बोलवा. मुलाचं नाव न घेता बोला, आजाराबद्दल बोला. घाबरलेल्या पालकांना मूर्ख ठरवू नका, त्यांचे प्रश्न संपेपर्यंत बसा. एका पालकसभेत एक बाप पाचव्यांदा तोच डासांचा प्रश्न विचारत होता. डॉक्टरांनी पाचव्यांदा तितक्याच शांतपणे उत्तर दिलं, आणि पुढच्या सोमवारी त्याचा मुलगा वर्गात होता. एवढं करूनही ऐकलं नाही, तर मात्र लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

आई-वडील दोघंही नाहीत. आजी सांभाळते. कागदावर पालक कोण?

घरोघरी अडलेला हा प्रश्न. आजी पंचाहत्तरीची, मोठी नात पंधराची, धाकटा नातू आठचा. बँकेत खातं उघडायला गेलं की "पालकाला घेऊन या" म्हणतात.

वर सांगितलेल्या एचआयव्ही कायद्यात एक फार मोलाचं कलम आहे. एचआयव्हीमुळे विस्कटलेल्या कुटुंबाचा कारभार बघणारं, पुरेशी समज असलेलं १२ ते १८ वयाचं मूल आपल्या धाकट्या भावंडाचं पालक म्हणून काम करू शकतं : शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी, मालमत्ता सांभाळण्यासाठी. ज्या पोरीने दोन वर्षं घर चालवलं तिला कागदावरही मान मिळतो. बँकेतल्या किंवा शाळेतल्या माणसांना हे बहुधा माहीत नसतं. कलमाची छापील प्रत बरोबर न्या.

आई किंवा वडील हयात असतील तर त्यांनी मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमून ठेवावा. अंथरुणाला खिळल्यावर किंवा मृत्यूनंतर लगेच त्या माणसाने पालक व्हावं, अशी तरतूद याच कायद्यात आहे. नातेवाईक किंवा मित्रही चालतो. आपल्याकडे असं बोलणं अपशकुनी मानतात. मी तरीही बोलते. पोरं कुणाकडे राहतील हे ठरलेलं असलं की आजारी आई शांत झोपते, हे मी पाहिलं आहे.

जमिनीचं बघा. नवरा गेला की तेराव्याच्या आत सुनेला "तुझ्यामुळे गेला" म्हणून माहेरी धाडतात आणि सातबाऱ्यावर दिराचं नाव चढतं. विधवेचा आणि मुलांचा वाटा कायद्याने आहे, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही आहे. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज लगेच द्या. दुःखाचे दिवस असतात हे खरं, पण फेरफार थांबत नाही. शेजारच्या एखाद्या शिकलेल्या पोराने तेवढा अर्ज लिहून दिला तरी दोन मुलांचं पुढचं आयुष्य सावरतं.

पैशाची कोणती मदत मिळते?

बालसंगोपन योजनेत, जी आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे, मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात आणि मंजुरी बालकल्याण समितीची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीसह जगणारी प्रौढ व्यक्ती बसते, तिला दरमहा १,५०० रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. एसटीच्या साध्या गाडीने मोफत प्रवासाची सवलत आहे. त्यासाठीचा दाखला एआरटी केंद्रात विचारा. रकमा आणि अटी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी चौकशी करा.

सवलत असूनही बरेच जण तिकीट काढतात. कंडक्टर तो दाखला गाडीत मोठ्याने वाचतो म्हणून.

मुलाला संस्थेत ठेवावं का?

सांभाळणारं कुणीही प्रेमाचं माणूस असेल, तर आधी घर. पैशाची अडचण असेल तर पैशाची सोय करू, शाळेची असेल तर शाळेची. केवळ आजारामुळे मुलाला घरापासून तोडू नये.

पण काही मुलांना घर उरलेलंच नसतं. पंढरपुरात मंगलताई शहा यांची "पालवी", पुण्यात विजयाताई लवाटे यांनी सुरू केलेलं "मानव्य", बीड जिल्ह्यात पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं "इन्फंट इंडिया", हासेगावचं "सेवालय", अहिल्यानगरचं "स्नेहालय", यांनी ज्या काळात मुलांना कुणी शिवत नव्हतं त्या काळात त्यांना आंघोळी घातल्या, भरवलं, शाळेत पाठवलं. त्यांचं ऋण मोठं आहे. मुलाला संस्थेत पाठवायचं तर थेट नेऊन सोडू नका, बालकल्याण समितीमार्फत जा. भावंडांना एकत्र ठेवण्याचा आग्रह धरा. आणि आजीला दिवाळीत, उन्हाळ्यात भेटायला नेण्याची जबाबदारी कुणीतरी घ्या. मूल फाटकाकडे बघत बसलेलं असतं.

मुलगी वयात आली. लग्नाचं काय?

लग्न होतं. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड सापडण्याच्या खाली गेला आणि तिथेच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग जात नाही. हे विज्ञानाने पक्कं सिद्ध झालेलं आहे. तिला निगेटिव्ह मूलही होऊ शकतं. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावेही भरतात. एकच गोष्ट सोडू नका : जोडीदाराला लग्नाआधी सांगायचं. आईच्या बाबतीत जे झालं ते तिच्या हातून होऊ नये.

आम्ही साधे शेजारी आहोत. आम्ही नेमकं काय करू शकतो?

जे एरवी शेजारी करतात तेच. हळदीकुंकवाला बोलवा. त्यांच्या घरचा चहा प्या, आणि तो तुम्ही पिताना चार जणांनी बघू द्या. पंगतीत त्या पोराला शेजारी बसवा. आई दवाखान्यात गेली असेल त्या दिवशी मुलं तुमच्याकडे जेवू द्यात. तपासणीच्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा तिच्या शेळ्या तुमच्या पोराने चारून आणाव्यात. घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला पुढे या. मयताला खांदा द्यायला माणसं मिळाली नाहीत हे त्या घरातलं मूल जन्मभर विसरत नाही.

आणि कळलेलं पुढे सांगू नका. "कुणाला सांगू नकोस हं" म्हणून सांगितलेलं रात्रीपर्यंत गावभर होतं. तुम्ही ऐकलंत, ते तुमच्यापाशी थांबू द्या. कुणी तुमच्यासमोर विषय काढलाच, तर म्हणा, "पोर हुशार आहे त्यांचं," आणि विषय बदला.

आमचं नाव कुठेही कळू नये असं वाटतं. तरी विचारता येईल का?

येईल. १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही, मराठीतून बोलता येतं. मुलाला मारहाण, उपासमार किंवा घरातून हाकलणं असं काही असेल तर १०९८. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्राचं दार ढकला. पहिल्यांदा गेलात आणि बोलवेना, तरी हरकत नाही. नुसतं बसून परत आलेली माणसं पुढच्या मंगळवारी पुन्हा येतात.